मागच्या रांगेतले चेहरे



गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमासाठी नेदरलँड्समधील आपल्या कुटुंबांनी घरोघरचे जुने फोटो जमवायचे ठरवले, तेव्हा आम्हीही भंडाऱ्याजवळच्या आमच्या गावी काकांना फोन केला. घरच्या ट्रंकेत एक समूहफोटो होता. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी, १९५७ साली, वस्तीतल्या साठेक माणसांनी एकत्र उभे राहून तो काढून घेतला होता. आमच्या आजीचा तरुणपणीचा तेवढा एकच फोटो. मागच्या रांगेत, डावीकडून चौथी. काकांनी तो संध्याकाळी अंगणातल्या खाटेवर ठेवला, मोबाइलने टिपला आणि पाठवून दिला. आम्ही कामावरून परतताना आगगाडीत तो पाहिला आणि ‘छान आला आहे, काका’ असे उत्तर धाडले.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तो साठ सेंटिमीटर रुंदीचा छापून आणला. पहिल्या रांगेतली माणसे ओळखू येत होती. मागच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यांच्या वर फक्त करडे ठिपके होते. मुलीने विचारले, “पणजी कुठली?” आम्ही डावीकडून चौथ्या ठिपक्यावर बोट ठेवले.

काकांना पुन्हा नीट फोटो काढायला सांगू, असे म्हणता म्हणता पावसाळा गेला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास ट्रंक उघडली, तर फोटोचा वरचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला होता. मग आम्ही जुने फोटो ‘सुधारणाऱ्या’ एका अॅपचा आधार घेतला. क्षणात आजीला डोळे आले, नाक आले, कपाळ गुळगुळीत झाले. ते चित्र आत्याला पाठवले. थोड्या वेळाने तिचा व्हिडिओ कॉल आला. “ही आमची माय नाही रे, बाबू,” एवढेच ती म्हणाली.

या सदरात आम्ही एरवी संगणकाविषयी लिहितो. आज लिहायचे आहे ते एका मोजमापाविषयी. फोटो स्पष्ट आला आहे की नाही, हे आम्ही आगगाडीत बसून डोळ्यांनी ठरवले होते. ते मोजून ठरवता येते, आणि मोजण्याची ती रीत फार अवघड नाही.

डोळ्याची तीक्ष्णता मोजण्याची जगभर चालणारी पद्धत आपण राहतो त्याच देशातली आहे. उट्रेख्त येथील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यामागचे तत्त्व साधे होते. एका अंशाचे साठ भाग केले, तर प्रमाण अक्षराची उंची डोळ्यापाशी त्यांतले पाच भाग व्यापते आणि अक्षराच्या रेघेची जाडी एक भाग. सहा मीटरवरून पाहायचे असेल तर असे अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंचीचे होते. ते ज्याला वाचता येते त्याची दृष्टी ६/६. इथल्या चष्म्याच्या दुकानात तीच १.० अशी लिहितात.

हा तक्ता उत्तम आहे, परंतु तो एकाच परिस्थितीचे उत्तर देतो: शुभ्र पांढऱ्यावर गडद काळे. नोव्हेंबरच्या धुक्यात करडा कोट घालून येणारा सायकलस्वार मात्र ६/६ दृष्टीलाही उशिरा दिसतो. त्याचा आकार पुरेसा मोठा असतो; उणा पडतो तो त्याच्यातला आणि पार्श्वभूमीतला छटांचा फरक, ज्याला आपण सर्रास काँट्रास्ट म्हणतो. म्हणून ‘किती बारीक दिसते’ हा प्रश्न एकट्याने विचारून भागत नाही. ‘इतक्या बारीक तपशिलात किती काँट्रास्ट शिल्लक राहतो’ असे विचारावे लागते.

हीच कल्पना भिंगांना आणि कॅमेऱ्यांना लावली म्हणजे एमटीएफ नावाचे मोजमाप तयार होते. मॉड्युलेशन ट्रान्स्फर फंक्शन हे त्याचे पूर्ण नाव. समजा, एका कागदावर काळ्या आणि पांढऱ्या रेघा एकाआड एक काढल्या आहेत. एक काळी आणि एक पांढरी मिळून रेघांची एक जोडी. जाड रेघांचा फोटो काढला तर काळे काळेच येते आणि पांढरे पांढरे. रेघा जसजशा बारीक करत जाऊ, तसतसा काळ्यातला थोडा अंश पांढऱ्यात सांडतो आणि पांढऱ्यातला काळ्यात. दोन्ही करड्याकडे सरकतात. शेवटी एक अवस्था अशी येते की रेघा उरत नाहीत, सपाट करडा पट्टा उरतो. दर मिलिमीटरमध्ये रेघांच्या किती जोड्या आहेत हे आडव्या अक्षावर आणि मूळ काँट्रास्टचा किती हिस्सा वाचला हे उभ्या अक्षावर मांडले, की एक उतरती रेषा मिळते. तीच त्या कॅमेऱ्याची खरी ओळख. काँट्रास्ट निम्म्यावर येतो तो बिंदू आणि दहा टक्क्यांवर येतो तो बिंदू, हे दोन या रेषेवर विशेष पाहतात. पहिल्यावरून चित्र डोळ्याला किती ठसठशीत वाटेल याचा अंदाज येतो. दुसऱ्यावरून तपशील कुठे संपतो ते कळते.

काँट्रास्टचा आकडा काढणेही सोपे आहे. उजळ भागाच्या प्रकाशातून गडद भागाचा वजा करायचा आणि त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागायचे. नव्या कोऱ्या छापील पानावर कागद ८५ टक्के प्रकाश परतवत असेल आणि शाई ५ टक्के, तर उत्तर ८० भागिले ९०, म्हणजे ०.८९. हाच कागद पिवळा-तपकिरी पडून ५० टक्क्यांवर आला आणि शाई फिकट होऊन २० टक्क्यांवर गेली, तर ३० भागिले ७०, म्हणजे ०.४३. आता मुख्य गोष्ट. या साखळीतल्या प्रत्येक कडीचा गुणाकार होतो. एखाद्या बारीक तपशिलापुरते भिंग ०.५ हिस्सा पुढे पाठवते आणि कॅमेऱ्याचा संवेदक ०.६, असे धरले तर नव्या पानाचे ०.२७ उरतात आणि जुन्या पानाचे अवघे ०.१३. जे कागद आधीच थकलेले आहेत, त्यांना चांगल्या कॅमेऱ्याची गरज अधिक असते. आपण नेमके उलटे करतो. नवा दाखला कार्यालयातल्या स्कॅनरवर ठेवतो आणि आजोबांचे पत्र हातातल्या मोबाइलने टिपतो.

आपल्या लिपीत या बारीक तपशिलाला किती किंमत आहे, ते पाहा. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० रोजी. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे ते लेखन. त्यात अनुस्वारांची दाटी आहे. बारीक टायपातला अनुस्वार साधारण ०.३ मिलिमीटरचा धरू. इंचाला ३०० पिक्सेल या दराने टिपले तर एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम साडेतीन पिक्सेल येतात. काँट्रास्ट वाचला तर तो ठिपका दिसतो. नाही वाचला तर तो कागदाच्या डागांत मिसळतो आणि ‘वंश’ शब्दाचा ‘वश’ होतो. माणूस संदर्भावरून सावरून घेतो. पण यापुढे ही पाने आधी संगणक वाचणार आहे, आणि त्याने वाचले तेवढेच शोधणाऱ्याला सापडणार आहे.

मग आगगाडीत तो फोटो आम्हाला चांगला का वाटला? याचेही उत्तर उट्रेख्तमध्येच मिळते. फ्लोरिस व्हॅन नेस आणि मार्टेन बाउमन यांनी १९६७ साली मानवी डोळ्याची अशीच मोजणी प्रसिद्ध केली: वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या, वेगवेगळा उजेड, आणि प्रत्येक वेळी डोळ्याला जाणवणारा कमीत कमी काँट्रास्ट. या प्रकारच्या प्रयोगांतून दिसते ते असे. भरपूर उजेडात डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो तो मध्यम जाडीच्या पट्ट्यांना, दृष्टीच्या एका अंशात तीन ते पाच जोड्या बसतील एवढ्या. त्याहून बारीक पट्ट्यांसाठी काँट्रास्ट वाढवत न्यावा लागतो, आणि पन्नास-साठ जोड्यांच्या आसपास दृष्टीची हद्द संपते. उजेड कमी झाला की ही क्षमता आणखी घटते.

मोबाइल तयार करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. चित्र टिपल्यावर मोबाइल मध्यम तपशिलांचा काँट्रास्ट वाढवतो, कडांना गडद किनार देतो, आणि अतिबारीक पोत ‘खरखर’ समजून पुसून टाकतो. पडद्यावर ते चित्र कोरीव दिसते. डोळा जिथे सर्वाधिक हळवा आहे तिथे त्याला खूश केलेले असते. जे पुसले ते लहान पडद्यावर दिसणारच नसते. आमच्या फोटोतला आजीचा चेहरा मोबाइलवर तिळाएवढा होता. तिळात नाक-डोळे नाहीत, हे कुणाच्या लक्षात येणार?

पिक्सेलांचा आकडाही असाच फसवतो. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रुंदीला सुमारे ४,००० पिक्सेल असतात. काकांनी कडेची खाटही चौकटीत घेतली होती, म्हणून वीस सेंटिमीटरच्या फोटोला त्यांतले सुमारे ३,००० मिळाले असे धरू. मिलिमीटरला पंधरा. मागच्या रांगेतला चेहरा चार मिलिमीटर रुंद होता, म्हणजे हिशेबाने साठ पिक्सेल. साठ पिक्सेलांत माणूस ओळखू येतो. परंतु संध्याकाळचा उजेड, हाताची थरथर, मोबाइलने पुसलेला पोत, आणि वर पाठवताना अॅपने कमी केलेला आकार, या प्रत्येकाने आपापला गुणाकार केला. डबे साठ होते. बहुतेक रिकामे होते.

डबे भरले आहेत की रिकामे, हे तपासण्याची जी पद्धत आज सर्वत्र वापरतात ती तिरप्या कडेची. चकाकणार नाही अशी एखादी सरळ, धारदार कड पांढऱ्या कागदावर सुमारे पाच अंश तिरपी ठेवायची आणि तिचा फोटो काढायचा. तिरपी का? कड सरळ उभी असती तर पिक्सेलांच्या प्रत्येक ओळीत ती एकाच जागी आली असती. तिरपी असल्यामुळे दर ओळीत ती किंचित सरकते. एक पिक्सेल पूर्ण सरकायला अकरा-बारा ओळी लागतात. त्या ओळी एकावर एक जुळवल्या की पिक्सेलहून बारीक पायऱ्यांत कळते, की काळ्यातून पांढऱ्यात जायला चित्राला किती अंतर लागले. त्या चढावरून गणिताने एमटीएफची संपूर्ण रेषा निघते. हे गणित करणाऱ्या मुक्तस्रोत प्रणाली विनामूल्य मिळतात. ३०० पिक्सेल प्रति इंच या दराने मिलिमीटरला जास्तीत जास्त ५.९ जोड्या टिपता येतात. तुमची रेषा ३ जोड्यांपाशीच दहा टक्क्यांवर आली, तर फाइलवर ३०० लिहिलेले असले तरी हाती आले ते १५०. आणि ही रेषा मध्येच १ च्या वर चढलेली दिसली, तर समजावे की सॉफ्टवेअरने कडांना कृत्रिम धार लावली आहे. मुळात नव्हता तो काँट्रास्ट भिंग निर्माण करू शकत नाही.

या देशाने आपल्या जुन्या कागदांसाठी हेच केले. १८४० ते १९५० या काळातला लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे ठिसूळ होऊन तुटतो. तो वाचवण्यासाठी १९९७ पासून ‘मेटामॉर्फोझ’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. द हेग येथील राष्ट्रीय ग्रंथालय तो चालवते. त्या अंतर्गत पुस्तके, वृत्तपत्रे, हस्तलिखिते यांचे संगणकीय चित्रण कसे व्हावे, याची मार्गदर्शक सूत्रे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. गुणवत्तेच्या तीन पायऱ्या ठरवल्या. टिपणारे यंत्र कोणत्या कंपनीचे, याला त्यात महत्त्व नाही. चाचणीपट्टी टिपायची, तिच्यावरून तपशील, छटा, रंग, उजेडाचा समतोल यांचे आकडे काढायचे, आणि ते ठरलेल्या मर्यादेत असले तरच काम ग्राह्य धरायचे. ‘छान आला आहे’ असे म्हणण्याचा अधिकार तिथे कुणाच्याही डोळ्याला दिलेला नाही.

काँट्रास्टची आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्याला थेट भिडते. १९५६ च्या दीक्षेच्या आणि त्यानंतरच्या काळातल्या आपल्या फोटोंत माणसे पांढऱ्या वस्त्रांत आहेत आणि चेहरे सावळे आहेत. मोबाइल आपणहून उजेड ठरवतो तेव्हा चौकटीतले भरपूर पांढरे पाहून तो चित्र गडद करतो. लुगड्याची घडी वाचते, चेहरा काळोखात बुडतो. काळ्याच्या जवळच्या छटा एकदा एकाच आकड्यात कोंबल्या गेल्या, की नंतर उजेड वाढवून त्या वेगळ्या होत नाहीत. हे यंत्राचे वैर नव्हे. यंत्र कुणाचा चेहरा समोर ठेवून जुळवले, त्याचा तो परिणाम आहे. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा ज्या नमुनापत्रांवरून छपाई जुळवत, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. ‘शर्ली कार्ड’ हे त्यांचे नाव. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये हा इतिहास मांडला. पुढे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांत सावळ्या आणि गोऱ्या त्वचेच्या छटा वेगवेगळ्या सांभाळण्याची सोय झाली, त्या संदर्भात त्यांनी फिलिप्सच्या एलडीके मालिकेचा उल्लेख केला आहे. ते कॅमेरे याच देशात, ब्रेडा येथे विकसित झाले. प्रमाण बदलता येते, हे त्यातून दिसते. पण त्यासाठी मोजताना आपला चेहरा समोर असावा लागतो.

आता घरी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. स्कॅनर मिळत असेल तर स्कॅनरच वापरावा. लहान फोटोंसाठी इंचाला ६०० पिक्सेल ठेवावेत. मोबाइलच असेल तर तो स्टँडवर, भिंग फोटोला समांतर, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दोन सारखे दिवे, आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. ‘आपोआप सुधारणा’ बंद करावी. उजेड असा ठेवावा की पांढरे वस्त्र पूर्ण पांढरे पडणार नाही आणि चेहऱ्यातल्या छटाही उघड राहतील. मोठा समूहफोटो असेल तर तो तुकड्यातुकड्याने टिपावा. पहिल्या चित्रात फोटोशेजारी मोजपट्टी, करड्या छटांची पट्टी आणि काळ्या पात्याचे नवे कटर-ब्लेड किंचित तिरपे ठेवावे. मध्यभागी एकदा आणि चारही कोपऱ्यांत एकेकदा, कारण भिंगाची तीक्ष्णता कोपऱ्यांत घसरते. फाइल गप्पांच्या अॅपवरून फोटो म्हणून पाठवू नये. मूळ फाइल जशीच्या तशी पाठवावी. मग संगणकावर ती मूळ आकारात उघडावी आणि सर्वांत मागच्या रांगेतला सर्वांत लहान चेहरा आधी पाहावा.

मूळ फोटोचे लॅमिनेशन करू नये, आणि ‘आता कॉम्प्युटरवर आहे’ म्हणून तो टाकूनही देऊ नये. अॅपने घडवलेला चेहरा ठेवायचाच असेल तर तो घडवलेला आहे असे त्यावर लिहावे. आणखी चाळीस वर्षांनी तो चेहरा पाहून ‘ही माय नाही’ म्हणणारी आत्या घरात नसेल.

त्या फोटोत साठ माणसे होती. तेव्हा एकच प्रत निघाली असेल असे वाटत नाही. कुणाच्या तरी भिंतीवर, कुणाच्या तरी ट्रंकेत दुसरी असणार. काका सध्या वस्तीतल्या घरोघरी विचारत आहेत. स्टँड, दोन दिवे आणि कटर-ब्लेड आम्ही त्यांच्याकडे पोचवले आहे. या वेळी उत्तर पाठवण्याआधी आम्ही मोजणार आहोत. आपणही या आठवड्यात गावी एक फोन करावा, पावसाळा लागण्याआधी.

जयभीम. नमो बुद्धाय.